खेकड्याची नांगी आणि मामाचं बोट

मु. उरवडे, ता. मुळशी
मार्गशीर्ष, सन १९५८

चि. नाथास कोंडाजीमामाचा पोटभर आशीर्वाद (पोटभर का, ते पुढं कळंल). डॉक्टरकीच्या अभ्यासात येळेवर जेवतोस ना? हितं समदी खुशाल हायेत, म्हस बी. फकस्त माझ्या उजव्या हाताच्या चाफेकळीचं, म्हंजी अंगठ्याशेजारच्या बोटाचं, वरचं पेर गेलं, म्हणून हे पत्र वाल्मीक मास्तरांकडनं लिवून घेतोय.

झालं आसं, की भातकापणीत तुझ्या गोजरामामीच्या पातीत, तिच्या वाट्याच्या वळीत, काड्या राहत हुत्या. मी आपला वाकून बोट दाखवत, "हितं राहिली, तितं राहिली." (बायकूला बोट दाखवायची खोड वाईटच.) तिचा इळा आला आन् पेर बांधावर. चूक माझी, पर तवापासनं ती घासभर खाती आन् माझ्या हाताकडं बघून रडती. लई जीव तुटतो रं.

त्यात तिला आठवलं, आपण खेकड्याची एकच नांगी मोडून त्याला वढ्यात सोडतो, आन् कात टाकली की नवी नांगी येती. मग मानसाला का न्हाई? झालं! रोज खेकड्याचं कालवण. सकाळी कालवण, सांजच्याला कालवण. आता माझ्या अंगाला वढ्याचा वास येतोय. तूच दिवाळीत म्हणाला हुतास, मानसाचं यकृत कापलं तरी भरून येतं, पुस्तकात त्याला पुनर्जनन म्हणत्यात. कापल्या भाताच्या बुडाला परत कोंब येत्यात, त्याला आमी फुटवा म्हणतो, त्योच ना ह्यो? मग यकृताला फुटवा हाय आन् बोटाला न्हाई, ह्यो कुठला न्याय? नीट वाचून कळव.

तुझा,
कोंडाजीमामा

ता. क. मामी वढ्याला गेली, आता खरं सांगतो. बोट येत न्हाई, पौडच्या डॉक्टरांनी कवाच सांगितलंय. पर तू लिव, "येईल, दमानं येईल." तिच्यापुढं वाचून घेतो. पोटभर जेवंल तरी बिचारी. (आन् खेकड्यानं उशीर हुतो, हे बी लिव. पाया पडतो.)

ता. क. २. हे मी, वाल्मीक मास्तर, माझ्या मनाने लिहितो. पत्र टपालात टाकण्याआधी गोजराबाई शाळेत आल्या होत्या. म्हणाल्या, "बोट येत न्हाई, मला काय कळत न्हाई व्हय? पर त्यास्नी लई आशा हाय, दोन-दोन वाट्या पित्यात. नाथाला लिवा, येईल म्हणून सांग." गोजराबाईंना स्वतःला खेकड्याचा वासही सोसत नाही. एकमेकांना काही न सांगण्याची दोघांनीही मला शपथ घातली आहे. तुमचं उत्तर दोघांसमोर मलाच वाचायचं आहे. काय लिहायचं ते लिहा, वाचताना मला हसू आवरेल एवढंच बघा.