पहिलीचा टाक

३ डिसेंबर
धामणगाव बढेला येऊन दोन दिवस झाले आणि घर मला आवडलं. अंगणात कढीपत्ता, मागे मिरचीचा वाफा, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. मूल होत नाही म्हणून पहिल्या सासरहून हिवरा आश्रमला माहेरी परतले, त्याला सहा वर्षं झाली. चौतिसाव्या वर्षी पुन्हा नवरी होईन असं कोणाला वाटलं होतं? अविनाश शाळेत शिकवतात, हळू बोलतात, चहा स्वतः करून घेतात. त्यांची पहिली बायको योगिनी तीन वर्षांपूर्वी पोटात दुखून एका दुपारीत गेली. सासूबाईंनी तिच्या नावाचा चांदीचा टाक काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला. दुसरेपणाच्या बायकोनं असा मान ठेवला की पहिली त्रास देत नाही म्हणे. नखाएवढी चांदी, तिच्यावर बाईचा चेहरा. मी हसत बांधून घेतला.

१९ डिसेंबर
हसू जरा कमी झालंय. वांग्याचं भरीत केलं तर सासूबाई म्हणाल्या, योगिनी त्यात कांद्याची पात घालत जाय. पडदे तिनं शिवलेले, डब्यांवरची नावं तिच्या अक्षरात. मोहरी कुठंय ते मला एक मेलेली बाई सांगते. शेजारची मयुरी उपकेंद्रात नर्स आहे, योगिनीची जिवाभावाची मैत्रीण. माझ्याशी बोलताना तिची नजर टाकावर असते. मी जळते, हे इथं लिहायला हरकत नाही. अंघोळीच्या कढत पाण्यातही तो टाक गारच राहतो.

१४ जानेवारी
पाळी बारा दिवस पुढे गेली होती. सकाळी चाचणी केली. दोन रेघा. न्हाणीघरात तोंडावर टॉवेल दाबून रडले. योगिनीला सात वर्षांत जमलं नाही ते मला दीड महिन्यात जमलं! तीन महिने कुणाला सांगायचं नसतं, नजर लागते. अविनाशलाही सांगणार नाही. टाक गळ्यातून काढला आणि तिच्याच मोहरीच्या डब्यात, अगदी तळाशी खुपसला. आता कसला मान ठेवायचा तिचा? संध्याकाळी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या, मी त्यांच्यात ताठ मानेनं बसले.

२१ जानेवारी
ओटीपोटात डावीकडे कळ येते, रोज त्याच जागी. थोडा तपकिरी डागही दिसला. पोटात जागा होत असेल, असं मनाला सांगितलं. फोडणीला मोहरी घ्यायला गेले तर टाक वर आला होता. डबा हलला असेल.

२४ जानेवारी
मयुरीनं माझा कमरेवरचा हात पाहिला आणि ओळखलं. मला ओट्यावर बसवून म्हणाली, एकाच बाजूले दुखत असन, डाग दिसत असन, तर उद्याच सोनोग्राफी करा. गर्भ कधी पिशवीत न जाता नळीत रुजतो. तिथं तो वाढू शकत नाही, नळी मात्र फुटते. लवकर कळलं तर काहींचं इंजेक्शनवर भागते, नाहीतर ऑपरेशन. फुटली की रक्त पोटातच साचते, बाहेर दिसतही नाही. खांदा दुखते, भोवळ येते. मग घरी एक घडीही थांबायचं नाही.

मी घाबरले. जायला तयारही झाले होते. मग ती डोळे पुसत म्हणाली, योगिनीताईले असंच झालं होतं. तिलेही दिवस गेले होते, पण तीन महिने कोणाले सांगायचं नाही म्हणून लपवलं, अन् मीही तिचं ऐकलं.

म्हणजे हेही तिला आधी. एवढी एकच गोष्ट माझी होती. मी मयुरीला खोटारडी म्हटलं आणि घरात पाय ठेवू नको म्हणून सांगितलं.

२८ जानेवारी
भाकरी थापताना डाव्या खांद्यावर हात पडला. वळले, कोणी नाही. हात तसाच. टाक पुन्हा मोहरीच्या वर, मी पुन्हा खाली दाबला. योगिनी माझ्यावर जळतेय. भीती वाटते, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटतं.

२९ जानेवारी, सकाळ
अविनाश आणि सासूबाई लग्नाला संग्रामपूरला गेले. मयुरी दारात येऊन हाका मारून गेली. मी आतून कडी लावून घेतली.

दुपार
भोवळ. पलंगाशी पडले. फोन स्वयंपाकघरात, तिथवर जाववत नाही. वहीच तेवढी हाताशी. पोट फळीसारखं. रक्त थेंबभरच— बाहेर दिसतही नाही, मयुरी म्हणाली होती—

खांद्यावरचा हात आता ओढतोय. दाराकडे.

टाक उशीवर. मी आणला नाही.

ती जळत नव्हती. पहिल्यापासून उठवत होती मला. तिला त्या दुपारी कोणी उठव—

मयुरी दार वाजवतेय. आवाज निघत नाही. कडी मीच—

सरकली. कडी सरकली. मी तर इथं, जमिनीवर—

शेवटी हेही तिनंच—