सांडलवंडीची मूठ

प्रकाशे, ता. शहादा
मंगळवार, १५ ऑगस्ट १९६१

चि. सौ. गजरास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी 'सौ.' मी आज पहिल्यांदा लिहिलं. तुझ्या लग्नाला आठ वर्षं झाली. तू म्हणशील, फारच लवकर सुचलं बाई! म्हण. ऐकून घ्यायची मला सवय नाही, पण तुझं ऐकून घेईन.

इकडे सर्व ठीक. पाऊस बरा आहे, कपाशी गुडघ्याला लागली. नदीकाठची केळी यंदा चांगली धरली. सकाळी शाळेची पोरं झेंडा घेऊन वाड्यावरून गेली, मी खिडकीच्या फटीतून पाहिली. पाच वर्षांत मी जे काही पाहिलं ते या फटीतूनच. फुलीबाई म्हणते, "बाई, तुमी नुसती एक खिडकी उघडली तरी गाव दिवाळी करीन." तिचा नवरा दिवाल्या शेतं बघतो, ती मला बघते. वाटेकरी आले की मी पडद्याआडून बोलते. माझं तोंड कसं आहे हेसुद्धा नवी पोरं विसरली असतील.

गावात माझ्याबद्दल काय काय बोलतात ते ऐकायचंय? मी म्हणे मोहरांच्या हंड्यावर बसलेली असते. रोज सोनं उन्हात वाळवते. कुणी म्हणतं, रूपचंद पाटलाची पोर, एवढ्या जमिनीची मालकीण, तिला माणसांची गरज काय? आणि देवळातले गुरव मला तपस्विनी म्हणतात! ते ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. गर्विष्ठ म्हटलेलं चालतं गं, तपस्विनी नको.

तुझं कार्ड पोचलं होतं. आषाढातच. उत्तर लिहायचं सोडून मी केळीचा घड आणि चार लुगडी पाठवली. लुगडी घडी न मोडता परत आली. घडसुद्धा आला, येताना पिकून काळा झालेला. बरं केलंस. मी तुझ्या जागी असते तर दिवाल्यालाही दारातून हाकललं असतं, तू त्याला निदान चहा दिलास.

कार्डात चारच ओळी होत्या, मला पाठ झाल्यात. 'आक्का, जमीन नको, दागिना नको. रंजनाला शाळेत पोरं कुत्र्याच्या रोटाची पोर म्हणून चिडवतात. ती मला अर्थ विचारते, मला माहीत नाही. एवढंच सांग, मी काय म्हणाले होते?'

उद्या नागपंचमी. फुलीबाई चण्याची डाळ निवडायला हाक मारते आहे. उरलेलं मग लिहिते.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

डाळ मंगळवारीच निवडून झाली होती. मी तीन दिवस कागदाकडे फिरकले नाही, एवढंच.

रंजना सात वर्षांची. तिला हे वाचून दाखवशील म्हणून मुळापासून लिहिते. लेक, तुझ्या आजोबांच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. सगळे भाऊबंद एका घरी जमतात. आदल्या दिवशी घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजतात, नाव घेऊन. मोठ्याच्या नावाची मूठ, पाळण्यातल्या पोराच्या नावाची मूठ. त्या गव्हाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायच्या; ते घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. आणि लग्न झालेली लेक परघरची. तिची मूठ नसते.

गजरा, मी परघरची. सारंगखेड्याला दिली तेव्हा तेरा वर्षांची होते, सोळाव्या वर्षी नवरा तापानं गेला आणि सासऱ्यानं मला पेटीसकट बैलगाडीत बसवून परत पाठवलं. आई तर तुझ्या बाळपणीच गेलेली. तुला मी कडेवर वाढवलं, बाबांना गरम भाकरी मी वाढली. सोळा वर्षं कानबाईचे रोट मीच थापले, मीच भाजले. सोळा वर्षं मोजणीच्या वेळी परातीशी बसले आणि एकदाही माझं नाव आलं नाही. सासरीही कुणी घेत नव्हतं. म्हणजे कानबाईच्या हिशेबी मी जगात कुठेच नव्हते. मी काही बोलले नाही. रीतच ती, कोणाला बोलायचं?

पंगत उठली की बाबांच्या ताटात दरवर्षी एक रोट अख्खा उरायचा. ताट माझ्याकडे सरकवायचे. "माले दात नई शेतस. टाकानं नई ऱ्हास. खाई ले तू." मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून तो खायची. उरलंसुरलं खाणारी मोलकरीण, असं वाटायचं मला. खोटं कशाला बोलू, फार अपमान वाटायचा.

मग तू लोटन मास्तरांबरोबर गेलीस. दुसऱ्या जातीचा, पगारावरचा शाळामास्तर. बाबांनी तुझ्या नावानं अंघोळ केली, सगळी जमीन माझ्या नावानं लिहिली आणि तीन वर्षं तुझं नाव घरात निघालं नाही. मला वाईट वाटलं म्हणशील तर वाटलं. पण सुखही वाटलं गजरा. आता बाबांना मी एकटीच होते.

छप्पन्न साली बाबा अंथरुणाला खिळले. त्या श्रावणात गहू मोजायला भाऊबंद जमले, मगनकाकांनी सगळ्यांच्या मुठी घेतल्या, आणि बाबा आतून खाटेवरून म्हणाले, "गजरीनी मूठ काढा." मगनकाका म्हणाले, ती लग्न करून गेली ना? तर बाबा म्हणाले, "ते लगीन मी मानेलच नई. मंग ती याच घरनी पोर शे." मूठ निघाली. मला म्हणाले, दिवाल्याला कोरीटला धाड, गजरीला म्हणावं रोट खायला ये. ती आली की वकिलाला बोलावू, ते कागद फाडू.

कागदाचं मला काही वाटलं नाही. खरंच नाही. मला ती मूठ झोंबली. जिनं घर सोडलं तिची मूठ निघते आणि जी घर धरून बसली तिची नाही! माझ्या अंगाचा जाळ झाला.

दिवाल्याला मी कोरीटला धाडलंच नाही. शहाद्याला पिटाळला, गुळाची भेली आणायला. घरात चार भेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. बाबांना लोडाला टेकवून बसवलं होतं. त्यांनी विचारलं, "गजरी उनी का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. नुसतं 'नाही' म्हणाले असते तर चाललं असतं. पण मी म्हणाले, "तिनं निरोप दिलाय, तो रोट कुत्र्याला घाला."

हे ते वाक्य. तू बोलली नाहीस. तुझ्यापर्यंत कुणी आलंच नव्हतं, तू काय बोलणार? ते मी बोलले, माझ्या तोंडानं, पंगतीत, हातात वाढायचं भांडं धरून.

बाबांनी तुझा रोट उचलला, पाण्यात भिजवला आणि पूर्ण खाल्ला. दात नाहीत म्हणणारा माणूस. पाऊण तास लागला असेल. सगळे उठून गेले तरी खात होते. मग नेहमीसारखं ताट माझ्याकडे सरकवलं, त्यात तो एक अख्खा रोट होताच. "खाई ले." मी ताट घेतलं, मागच्या दाराशी गेले आणि रागानं तो रोट कुत्र्यापुढे टाकला. कानबाईचा रोट. फुलीबाईनं पाहिलं. ती आजवर त्यावर एक शब्द बोललेली नाही.

महिन्यात बाबा गेले. तेराव्याला तू आणि मास्तर ओट्याखाली उभे होतात, रंजना तुझ्या कडेवर. मगनकाका ओरडले, "रोट कुत्राले टाका म्हननारी आते कसाले उनी?" तू माझ्याकडे पाहिलंस. 'कुठला रोट गं आक्का?' असं तुझ्या तोंडावर स्पष्ट होतं. मी पदर पुढे ओढला आणि आत गेले.

त्या दिवसापासून मी बाहेर नाही आले. कसलं तप आणि कसला गर्व! बाहेर पडले आणि तू समोर आलीस तर, एवढी एकच भीती. तुझी पोर ते वाक्य शाळेत ऐकत असेल हे मला कधी सुचलंच नाही. सुचलं असतं तरी बोलले असते का, माहीत नाही. हे लिहितानाच मला मेलीला लाज वाटते आहे, पण कार्ड समोर ठेवलंय.

शनिवार, १९ ऑगस्ट, दुपार

आज गहू मोजले. बाबांच्या मागे कानबाई याच घरात बसते, पाच वर्षं मी तेवढा वेळ आतल्या खोलीत असते. आज बाहेर आले. अंगणात उजेड एवढा, डोळे उघडेनात. चाळीसेक माणसं होती. बायका कुजबुजल्या, एका पोरानं विचारलं, ही कोण?

मगनकाकांनी परात पुढे ओढली तशी मी म्हणाले, "काका, थांबा." आणि सगळं सांगितलं. आता तुला लिहिलं तसंच, गुळाच्या भेलीपासून कुत्र्यापर्यंत. खांब धरून उभी होते. वाटलं होतं, सांगून झाल्यावर हलकं वाटेल. कसलं हलकं! लुगडं फिटल्यासारखं वाटलं चारचौघांत.

मगनकाका म्हणाले, "तुन्हा बाप ते ऐकीसन मरना, अनसू." मी म्हणाले, हो. ते म्हणाले, "आनि मी तेराव्याले त्या पोरले..." त्यांनी सव्वा मूठ गहू घेतले आणि मोठ्यानं नाव घेतलं, गजरा. मग आणखी सव्वा मूठ, रंजना. मास्तरांचं कुळ मधे आणू नका असं कोणी म्हणालं, तर काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्पच बसला.

परात झाकणार एवढ्यात मोठी माय बोलली. भिकुबाई, बाबांची वहिनी. ऐंशी वर्षांची, आता डोळ्यांनी दिसत नाही तिला. म्हणाली, "सांडलवंडनी मूठ ऱ्हायनी ना."

काकांनी विचारलं, ती कसली? तर म्हणाली, "रूपचंद दर साले एक मूठ जास्तनी ले. सांडलवंडले, म्हने. मी एकदाव इचारं, इतली काय सांड व्हस भो? तवय म्हने, 'वहिनी, ती अनसूनी शे. भाऊबंद नाव लेऊ देवाऊत नई. कोनले सांगू नको.'"

गजरा, सोळा वर्षं. तो अख्खा उरणारा रोट माझा होता. दात नाहीत म्हणून माझ्याकडे सरकवायचे तो. माझ्या नावानं मोजलेला, मीच थापलेला. पंधरा वेळा मी तो उष्टं म्हणून खाल्ला आणि सोळाव्या वेळी कुत्र्याला घातला. तुझ्या तोंडी घातलेलं वाक्य मी त्याच दिवशी माझ्याच रोटावर खरं केलं.

मोठी माय चाचपडत परातीपाशी आली, मूठ भरली आणि म्हणाली, "आते ते नाव ल्या तिन्हं." काका माझ्याकडे बघत थांबले. मी हात धरला तिचा. म्हटलं, "नको मोठी माय. माझा रोट कुत्र्यानं खाऊन झालाय." तिनं मूठ सोडली नाही, मी हात सोडला नाही. शेवटी गहू सांडले आमच्या दोघींच्या मधे. फुलीबाईनं वेचून बाजूला ठेवलेत, वाटीत. त्यांचं काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही.

जमीन अर्धी तुझी, ती तुला मिळेल. पण त्याबद्दल आज लिहीत नाही. जमीन दिली आणि सुटले, असं मला नको आहे.

हे पत्र दिवाल्या हातोहात आणतो आहे. या वेळी तो कोरीटलाच येतोय, शहाद्याला नाही. तुझा आणि रंजनाचा रोट शिंक्यावर ठेवेन. पौर्णिमा पुढच्या शनिवारी. या असं म्हणायचा मला हक्क नाही. आलीस आणि माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीस तरी चालेल, मोठी माय देईल. नाहीच आलात तर ते रोट मी खाणार नाही, टाकणारही नाही. मगनकाकांना सांगितलंय, ते स्वतः घेऊन येतील तुझ्या दारी. तेराव्याचं त्यांनाही काही बोलायचं आहे.

एकच मागते. पोरं पुन्हा चिडवतील तेव्हा रंजनाला सांगायला शिकव. म्हणावं, ते माझी आई नाही बोलली, माझी मावशी बोलली. नाव घेऊन सांगू दे. मोठ्यानं.

त्या वाक्याची धनीण,
अनसू

ता. क. ती वाटी मी देवापाशी ठेवली आहे. तुला वाटलं तर तू मोज. नाही वाटलं तर पाखरांना टाक, कुत्र्याला नको.