पेशीने आत ओढलेली दारं

गुरुवार, संध्याकाळ

चूक माझीच. सकाळी लॅबमध्ये द्रावण बनवताना पोटॅशियमचं मीठ घालायचंच राहिलं आणि पेशी दिवसभर त्यातच राहिल्या. हृदयात असतात तीच पोटॅशियमची चॅनल, म्हणजे ये-जा करायची दारं, आम्ही त्यांच्यात हिरवी चमकतील अशी बसवली आहेत. पाच वाजता सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर रोज प्रत्येक पेशीभोवती बांगडीसारखी दिसणारी हिरवी कड नाही. वाटलं, सगळ्या मेल्या. पण जिवंत होत्या. हिरवे ठिपके आत दिसत होते. बाहेर पोटॅशियम नाही म्हटल्यावर पेशीने आपलं आवरण जागोजागी आत दुमडून दारंच ओढून घेतली होती. तिला कळलं कसं? ना डोळे, ना डोकं. मी नुसती बघत बसले.

फतेगंजच्या लॅबमधून घरी येईपर्यंत ती हिरवी कडच डोळ्यांपुढे. गेल्या उन्हाळ्यात जुलाबांनी बाबांचं पोटॅशियम इतकं उतरलं होतं की ठोके चुकायला लागले. पोटॅशियम भरून यावं म्हणून मी रोज शहाळ्याचं पाणी पुढे करायचे आणि ते नको म्हणायचे. तेव्हा त्यांच्याही हृदयात असंच झालं असेल?

चहा घेताना बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग माझी दारं परत आली कशी?"

"आत गेलेली बरीचशी दारं पेशी मोडून टाकते, बाबा. पोटॅशियम मिळालं की नवी घडवते."

बाबांनी कप खाली ठेवला. छातीवर हात टेकवला.

"आत एवढं काम चाललं होतं," ते म्हणाले, "आणि मी शहाळ्याच्या पाण्यावरून तुझ्याशी भांडत होतो."