नव्या ब्रेकची पूजा

जानेफळ

आदरणीय पुंजाजीभाऊंना रंगरावचा रामराम. आम्ही दोघंही सुखरूप आहोत, म्हणजे हातीपायी धड आहोत. विमलवहिनींचे गुडघे काय म्हणतात? म्हैस व्याली का? खरं तर फोनच केला असता, पण मी फोन हातात घेतला की तुमची बहीण कान लावून शेजारी उभी राहते, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

तर भाऊ, आपली गाडी. (तुम्ही वापरून झाल्यावर बहिणीला दिलीत, म्हणून ‘आपली’ म्हणतो.) तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. बसस्टँडवर थांबायचं असेल तर शाळेपासूनच ब्रेक दाबत यावं लागतं. आता तुमच्या लेकीचं, अपेक्षाचं लग्न जुळून साक्षगंध ठरलं, आणि घरच्या जावयाने तुमच्या बीबी गावात एसटीतून पिशव्या सांभाळत उतरायचं, हे काही मनाला पटेना. म्हणून मलकापूरच्या भंगारातून एका ठोकलेल्या गाडीचे पुढचे डिस्कब्रेक आणले. (ती गाडी मागून ठोकलेली होती. म्हणजे ती वेळेवर थांबली होती, मागचाच थांबला नव्हता, हे मी तिथल्या तिथे ताडलं.) गोकुळ मिस्त्रीने आधी मला वेड्यात काढलं, मग कुठे घासून, कुठे नवा पाइप टाकून ते बसवून दिले.

चाकं चढवायची तेवढी राहिली होती, तोच मंजुळा ताट घेऊन आली. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, हा तुमच्या घरचा नेम. तिने ब्रेकच्या दोन्ही चकत्यांना हळदकुंकू वाहिलं आणि गंजू नयेत म्हणून वरून गोडेतेलाचा हात फिरवला, अगदी पोळीला फिरवतात तसा. गोकुळ नेमका तेव्हा चहाला गेलेला. मग मीच चाकं चढवली, त्यांखाली लिंबं ठेवली आणि ती चिरडून आम्ही दोघं थाटात निघालो. उतारावर किसनरावांचा बैल आडवा आला. मी ब्रेक दाबला. गाडीला त्याचा पत्ताच नाही. बैल शहाणा, तो बाजूला झाला, आणि आम्ही किसनरावांच्या कडब्याच्या ढिगात काचेपर्यंत घुसलो. किसनराव धावत आले आणि म्हणतात कसे, “काऊन हो रंगराव, गाडीले चारा खाऊ घालून राह्यले का?” मंजुळा केसांतला कडबा काढत उतरली, “भंगार ते भंगारच,” एवढंच म्हणाली आणि पायी घरी गेली.

गोकुळने चाक खोललं तर आत सगळं तेल. त्याने चकत्या धुऊन काढल्या, पॅड नवे टाकले. आता गाडी अशी थांबते की कपाळ काचेला लागतं. पण मंजुळा बसायला तयार नाही. “मी एसटीनंच जातो,” म्हणते, आणि माझ्या भंगाराची कथा गावभर सांगते. तेलाचं मी तिला बोललेलो नाही. एवढ्या भक्तीने लावलं होतं, तिला फार लागेल. खरं सांगू भाऊ, बाजूच्या सीटवर ती नसली की गाडी चालवण्यात मला काही गोडी वाटत नाही.

आपल्या घरचा जावई,
रंगराव

ता. क. मुद्दा राहिलाच. तुम्ही साक्षगंधाच्या आदल्या दिवशी एसटीने इकडे या आणि गाडीत आधी तुम्ही बसा. भाऊ बसला की बहीण बसेल.

आणखी ता. क. तेलाचं तिच्याकडे चुकूनही बोलू नका.

दादा, मी मंजुळा. पाकीट चिकटवाले हे मलेच देऊन आंघोळीले गेले. तेल मी लावलं, हाव. पन तेलाची वाटी कोनं आनून देली, “गंजून जातीन, लाव चांगलं” कोन म्हने, ते याईनं लिवलं नाई. तू येऊ नोको, तुह्या घरी पाव्हने हायेत. मीच बसतो याईच्या बाजूले. तू फक्त आपल्या फाटकासमोर कडबा रचून ठेव. चांगला उंच.