गाढव गेलं त्या वाटेनं

४ फेब्रु. १९९६, रवि.
वीणा आली, कॅसेट घेऊन. चित्रकलेच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तिनं ब्रश सोडला नाही. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागले, आणि अप्पांचं, माझ्या वडिलांचं, विसरणं वाढल्यावर ती शाळाही सोडली. वीणा आता इंदिरानगरच्या एका बंगल्यात कार्टून फिल्मसाठी बॅकग्राउंडं रंगवते. पात्रं हलतात ती दुसऱ्यांची. त्यांच्यामागची घरं, झाडं, भिंती हिच्या.

फिल्म छोटीशी. धोब्याचं गाढव दोर तोडून पळतं आणि अख्खं बंगळूर फिरून येतं, बस. पण सगळं आपलं! मल्लेश्वरमचा धोबीघाट, स्टेशनचा पूल, मार्केटातले फुलांचे ढीग, लालबागेतला खडक. अप्पांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवसांनी.

मी विचारलं, "हा घाट नक्की कुठंय गं?"
वीणा बघतच राहिली. "तुझ्या घरापासून चालत जायच्या अंतरावर, शैले. तू जातेस तरी कुठे? आठव्या क्रॉसच्या गल्लीत भाजीला आणि परत."
खरंच आहे. लागलं मात्र.

८ फेब्रु., गुरु.
अप्पांना रोज गाढव हवं. सकाळी पाहिलेलं दुपारी आठवत नाही, त्यामुळे ते दर वेळी नव्यानं पळतं. "सुटलं गं, सुटलं!" म्हणून मला स्वयंपाकघरातून ओढत नेतात.

बाकी नेहमीचं. पहाटे उठून इस्त्रीचा शर्ट मागितला, वर्कशॉपला उशीर होतोय म्हणे. इन्स्टिट्यूटमधून निवृत्त होऊन युग लोटलं, पण ते सांगणं मी सोडलंय. सांगितलं की दर वेळी नव्यानं धक्का बसतो त्यांना. त्यापेक्षा, "आज सुट्टी आहे, अप्पा."
"कसली?"
रोज नवा सण शोधायचा. आज रथसप्तमी झाली. ती खरी होऊन गेली असेल, नसेल, देव जाणे.

१५ फेब्रु., गुरु.
घाट पाहिला!
वीणाला फिल्ममधल्या खऱ्या जागांचे फोटो हवेत. परदेशात कुठेशी फिल्म दाखवणार आहेत, तिथं चित्र आणि फोटो शेजारी शेजारी लावायचेत. म्हणाली, सोबत चल. गुरुवारी खालच्या सावित्रीअक्का, आमच्या घरमालकीण, अप्पांजवळ बसतात तेव्हा मी बाजार करते. आज बाजार केलाच नाही.

फिल्ममधली भिंत निळी आहे. खरी मळकट पिवळी. वीणा म्हणाली, मी सकाळी लवकर आले होते तेव्हा ओल्या चादरींची सावली पडून निळी दिसत होती. मी उभीच राहिले. ही बाई सकाळी उठून एका भिंतीसमोर बसली होती, तिची सावली बघत. आणि तेव्हा मी अप्पांच्या बंडीची बटणं लावत असणार, दोन गल्ल्या सोडून.

धोबी कपडे आपटतात तो आवाज अजून कानात आहे. एक खरं गाढवही होतं, कंटाळलेलं, दोर न तोडणारं.

घरी आले तर अप्पांनी धोतर ओलं केलेलं आणि अक्कांना हात लावू देईनात. अक्का म्हणाल्या, "परवागिल्ला, शैला, परवागिल्ला," असू दे, असू दे. पण चेहरा उतरला होता. वयच झालंय त्यांचं. पुसलं, धुतलं, निजवलं. भाजी नाही म्हणून पिठलं.

२२ फेब्रु., गुरु.
सिटी मार्केट. फुलं आणि गर्दी, गजऱ्यांच्या राशींमागे बसलेल्या बायका. वीणा फोटो काढत होती आणि मी तिच्या पिशवीतली पेन्सिल घेऊन बिलाच्या पाठीवर एक बाई काढली. हात अडखळला, मग सुटला. वीणानं कागद मागून घेतला. दिला. का दिला?

२६ फेब्रु.
अक्कांकडे फोन आला माझ्यासाठी, म्हणून धावत खाली गेले. वीणा. तिचे साहेब, जेकब, त्यांनी चित्र पाहिलं. मार्केटातल्या बाईच्या मागची गर्दी मी नुसत्या रेघांनी काढली होती, ती त्यांना फार आवडली. नवी फिल्म घेताहेत. एप्रिलपासून ये म्हणतात. रोज, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, बंगल्यावरच.

घरी बसून केलं तर? विचारलं मी. "नाही गं. सगळ्यांचे रंग एकमेकांना जुळवावे लागतात, एका खोलीतच बसावं लागतं."

वर आले. अप्पा म्हणाले, "कोण होतं?" मी म्हटलं, "कुणी नाही."

३ मार्च, रवि.
एसटीडी बूथवरून धाकट्या भावाला, श्रीला, परदेशी फोन. तिकडे शनिवारची रात्र, पाहुणे बसलेले. त्याला सगळं सांगितलं, नोकरीचं, अप्पांचं.
"ताई, तू आहेस म्हणून तर मी इथं निर्धास्त आहे."
म्हटलं, मी नसते तर?
"असं काय बोलतेस!"
वृद्धाश्रमाचा शब्द काढला तर हळू आवाजात म्हणाला, "आपल्याकडे असं करतात का गं? अप्पांना तिथं टाकायचं?"
मग तू ये. महिनाभर ये.
"या वर्षी नाही जमणार. मुलांच्या शाळा..."
वाईट नाही तो. बोलताना त्याचा गळा भरून आला होता. पण त्याचा गळा भरून आला की मला गप्प बसावं लागतं.

७ मार्च, गुरु.
अक्का मैसूरला गेल्या, लेकीच्या बाळंतपणाला. परत कधी, माहीत नाही. म्हणजे गुरुवारही गेला.

मग अप्पांनाच घेऊन निघाले! त्यांना बूट घालायलाच बराच वेळ लागला. मल्लेश्वरम स्टेशनचा पूल. वीणा पुढे कॅमेरा घेऊन, मागून आम्ही, पायरी पायरी थांबत. वर पोचल्यावर खालून गाडी गेली आणि पूल थरथरला. अप्पांनी कठडा घट्ट धरला. वाटलं घाबरले. तर हसत होते.
"गाढव इथूनच गेलं ना गं?"
आठवलं त्यांना! दुपारचं जेवण आठवत नाही पण हे आठवलं. वीणानं त्यांचाही फोटो काढला.
येताना तीनदा विचारलं, "उद्या कुठे जायचं?"

१२ मार्च, मंगळ.
गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली आले तर दार सताड उघडं. बूट नाहीत.
संपिगे रोडवर वर-खाली पळाले. देवळात, भाजीवाल्यांकडे, स्टेशनच्या पुलावर. पुलावरून रुळांकडे बघवेना. पोलीस ठाण्यात गेले तर हवालदार म्हणाला, "अंगावर काय होतं?" मला सांगताच येईना. सकाळी मीच कपडे घातले होते, आणि रंग आठवेना.

शेवटी घाट. दुपार उलटून गेली होती. अप्पा दगडावर बसले होते, हातात चहाचा ग्लास, भोवती चार-पाच धोबी. त्यांनी जाऊन कानडीत सांगितलं होतं, आमचं गाढव सुटलंय, कुणी पाहिलं का. एवढा पांढऱ्या केसांचा, नीट बोलणारा माणूस. सगळ्यांना खरंच वाटलं. दोघं शोधायला गेले. एकानं स्वतःचं आणून दाखवलं, "अज्जा, हेच का?"
अप्पा म्हणाले, "नाही हो, आमचं काळं होतं."

त्यातला म्हातारा मला रागावला. "गाढव हरवलंय आणि म्हाताऱ्याला एकटं पाठवता?" त्याला काय सांगू? मी म्हटलं, सापडलं आमचं, घरी आलंय. अप्पांना इतका आनंद झाला.
रस्त्यानं ते हसत होते आणि मी रडत.

१४ मार्च, गुरु.
डॉक्टर म्हणाले, दाराला कुलूप लावा, पर्याय नाही. श्री फोनवर म्हणाला, कुलूप लाव.
ग्रिलला आतून कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात.

१६ मार्च
गाढवाची कॅसेट माळ्यावर टाकली. अप्पांनी मागितली नाही. त्यांना दुसरं काम मिळालंय. दिवसभर ग्रिल धरून उभे. हलवून बघतात. कडीचा आवाज.

आज मला म्हणाले, अगदी अदबीनं, "अहो बाई, तुमचं फार मोठं घर आहे, सगळं चांगलं आहे. पण आता मला सोडा. माझी मुलगी घरी एकटी आहे, ती वाट बघत असेल."
मी म्हटलं, "अप्पा, मीच शैला."
माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही चांगल्या आहात हो. पण ती लहान आहे."

२० मार्च, पाडवा
गुढी ग्रिललाच बांधली, बाहेर काढायची तर कुलूप उघडावं लागलं असतं. अक्का असत्या तर बेवु-बेल्ला, त्यांचा पाडव्याचा कडुलिंब-गूळ, घेऊन वर आल्या असत्या. कडुलिंब मीच खाल्ला, गुळाशिवाय.
जेकबना महिनाअखेर उत्तर हवंय. दुसरी एक मुलगी तयार आहे म्हणे.

२३ मार्च, शनि.
वीणाच्या यजमानांनी एक दिवस अप्पांजवळ बसायचं कबूल केलं. वीणा आणि मी आनेकलच्या पुढे गेलो, बसनं. तिनं तिथलं एक घर शोधून ठेवलंय. विसरणाऱ्या माणसांना ठेवतात. स्वच्छ आहे. लांब व्हरांडा, अंगणात रामफळाचं झाड. फाटकाला कुलूप आहेच, पण आत चालायला जागा खूप. म्हातारे गोल गोल चालत होते. मला त्यातल्या त्यात तेच आवडलं.

सिस्टर मल्याळी, कानडी छान बोलतात. त्यांनी विचारलं, "घाबरले की कुठल्या भाषेत बोलतात?"
"मराठीत."
"इथं कुणाला येत नाही." मग म्हणाल्या, "मला शिकवा. अगदी लागतात तेवढे शब्द."
व्हरांड्यात उभ्या उभ्या शिकवले. पाणी. दुखतंय का. भीती नाही. त्या म्हणत होत्या, "बीती नाई." पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं त्यांनी, मान वाकडी करून. आणखी काय, विचारलं. मला सांगायचं होतं, त्यांना सकाळी सांगा की आज सुट्टी आहे. कसली सुट्टी विचारतील, तेव्हा काहीतरी शोधा. पण हे शिकवायचं कसं?

"महिनाभर ठेवून बघा. नाही जमलं तर घेऊन जा," सिस्टर म्हणाल्या.
परतीच्या बसमध्ये वीणा म्हणाली, "तू वाईट मुलगी होत नाहीस यानं."
म्हटलं, "तू कशाला सांगतेस? तसं असतं तर सांगावं लागलं नसतं."
नको होतं तसं बोलायला.

२८ मार्च, गुरु.
लालबाग. वीणाचा राहिलेला शेवटचा फोटो, खडकावरचा. मी अप्पांना घेऊन गेले, रिक्षानं. कुलूप उघडलं तेव्हा ते मागे सरकले, आपल्यासाठी उघडलंय यावर विश्वासच बसेना.

खडक तापलेला. गोपुराच्या सावलीत बसलो. वीणानं रंगवलेलं बंगळूर इथून दिसतं त्यापेक्षा हिरवं आहे. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "लहानपणी होतं तितकं हिरवं केलं." मी चित्रात गाढवाकडे बघत राहिले, हे लक्षातच नाही आलं.

अप्पा माझा हात धरून बसले होते. अचानक म्हणाले, "ताई, आपण घरी नको जाऊया."
त्यांची थोरली बहीण. मी आज ती होते. कुसूआत्या गेली त्याला माझ्या वयाइतकी वर्षं झाली.
म्हटलं, "नको जाऊया."
ऊन उतरेपर्यंत बसलो. मग गेलोच.

३० मार्च, शनि.
श्रीला फोन केला नाही. त्याचा गळा भरून येईल.
जेकबना केला. येते म्हटलं. सोमवारपासून.
सिस्टरना केला. आणते म्हटलं. उद्या.
अप्पांची बॅग भरली. बंड्या, धोतरं, औषधं, घरातल्या चपला. बॅग दिसताच विचारलं, "कोण चाललंय?" मी उत्तर दिलं नाही, आणि पुढच्या क्षणी प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला. पहिल्यांदाच मी त्यांच्या विसरण्याचा फायदा घेतला. पहिल्यांदाच? असं लिहायला बरं वाटतं.

३१ मार्च, रवि.
रिक्षावाल्याला सकाळीच यायला सांगितलंय. आनेकलपर्यंत यायला तो मोठ्या मुश्किलीनं तयार झाला.

उठले तर अप्पा आधीच उठून खुर्चीत बसलेले. आंघोळ केलेली. शर्टाची बटणं नीट, एकही चुकलेलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "शैले, किती वाळलीस गं. रात्री झोपत नाहीस का?"
शैले म्हणाले. कितीतरी महिन्यांत म्हणाले नव्हते.
मी म्हटलं, "झोपते."
"आई गेल्यापासून सगळं तुझ्यावर पडलं. श्री बरा आहे ना? पत्र येतं का त्याचं?"
सगळं माहीत होतं त्यांना. सगळं. चहा दिला तर म्हणाले, साखर कमी झालीय, पण असू दे. हसले.

आजच कशाला शुद्धीवर आलात, अप्पा? काल यायचं, परवा यायचं. मी पाच मिनिटं न्हाणीघरात नळ सोडून उभी राहिले.

बाहेर आले तर कोपऱ्यातल्या बॅगेकडे बघत होते. "कुठे जायचंय?"
आज विसरतील म्हणून थांबले. थांबले. ते विसरले नाहीत, उत्तराची वाट बघत बसले.

खाली रिक्षा आलीय. हॉर्न वाजवतोय. अप्पा उठून खिडकीशी गेले, खाली बघितलं, मग माझ्याकडे. बूट घालताहेत. एक घातला, दुसऱ्याची नाडी माझ्याकडे धरली आहे, बांध म्हणून.