दारातलं भूत

बनशंकरी, बेंगळुरू
४ मार्च २०२५

चि. ईशान यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू दोन शब्दांत आवरतोस, म्हणून पत्र. सांगणारी मी, लिहिणारी तुझी बहीण भार्गवी. चुका तिच्या, टोमणे माझे.

तू पाठवलेला सिनेमा तिच्या लॅपटॉपवर पाहिला. नोकरी सोडून आठ महिने हेच करत होतास का रे? भुताचा सिनेमा म्हणून चहा बाजूला ठेवून बसले, तर पहिल्या अर्ध्या तासात तीन गाणी. मग कोर्ट. मग लग्न. मग पुन्हा रक्त. बिसीबेळे भातात श्रीखंड कालवायचं आणि म्हणायचं, आजी, हा नवा प्रकार आहे. असेल नवा. खाणार कोण?

आणि ते तुझं रक्त पिणारं भूत! महादेवपुऱ्याच्या ऑफिसात, ऐन उन्हाळ्यात, घोट्यापर्यंत काळा कोट. आरशात दिसत नाही म्हणे. मग भांग इतका सरळ कोण पाडून देतं? लसणाला घाबरतं, म्हणजे आमच्या चातुर्मासात त्याची चंगळ. घाबरायचं कुठे ते भार्गवीला विचारलं, तर तीही हसतच होती.

सगळ्यात राग आला तो दाराचा. घरच्यांनी बोलावल्याशिवाय म्हणे त्याला उंबरा ओलांडता येत नाही. तीनशे वर्षांचा बाप्या, पाऊण तास दारात उभा! शेजारची कावेरीअक्का बेल न वाजवता येते आणि स्वल्प कोथिंबीर हवी म्हणत आपला फ्रिज उघडते. तुझ्या भुतापेक्षा तिची भीती जास्त वाटते.

लोभ होता तेवढाच आहे. त्यातला सिनेमाला काही देता येत नाही.

तुझी आजी

व्हाइटफील्ड
११ मार्च २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

भार्गवी, हे पत्र बाबा घरात नसताना वाच.

आजी, कोट मान्य. भांग मान्य. गाणी दोन कमी करतो. दार मात्र बदलणार नाही. नोकरी सोडली त्या दिवशी बाबा म्हणाले होते, बोलावल्याशिवाय या घरात पाऊल ठेवू नकोस. गेल्या महिन्यात दोनदा मेट्रोने बनशंकरीला आलो. फाटकाशी उभा राहिलो, बाबांची स्कूटर दिसली आणि परत फिरलो. सिनेमातलं बाकी सगळं मी कुठून कुठून गोळा केलंय, ते दार तेवढं माझं आहे.

टोमणे चालू ठेव, त्यांच्यावरच आठवडा निघतो.

तुझा ईशान

बनशंकरी, बेंगळुरू
१७ मार्च २०२५

चि. ईशान यास आशीर्वाद.

अक्षर ओळखलं असशीलच. भार्गवीची परीक्षा चालू आहे, कावेरीअक्काला मराठी वाचता येत नाही, म्हणून पाकीट तुझ्या बाबाच्या, उपेंद्रच्या हातात दिलं. आत काय आहे, मला निरक्षर बाईला काय ठाऊक? बाबा घरात नसताना वाच, हेही उपेंद्रने मोठ्याने वाचलं आणि पुढचंही. फाटकाच्या ओळीपाशी आल्यावर चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छ होता. हे लिहायला तो तयार नव्हता; पत्र माझं आहे, सांगते ते लिही म्हटलं.

सिनेमा त्यानेही पाहिलाय, दार लावून, एकट्याने. कोर्ट आवडलं म्हणतो. असल्या माणसाची पसंती मनावर घेऊ नकोस. माझं मत बदललेलं नाही. दाराचं कारण कळलं, पण कारण कळल्याने सिनेमा सुधारत नाही. पाऊण तास फारच होतो. आठ महिने तर त्याहून.

रविवारी जेवायला ये. ईशान, हे आई सांगत नाहीये, मी लिहितोय. फाटकाशी आलास तेव्हा दोन्ही वेळा मी तुला गॅलरीतून पाहिलं होतं. हाक मारायला हवी होती. आता मारतोय. आत ये.

मी जेवायला ये एवढंच सांगितलं होतं. याचं पेन मात्र त्यापुढेही बराच वेळ चाललं. काय लिहिलंस विचारलं तर सांगत नाही, नाक ओढतोय. मला काही वाचता येत नाही. तू ये आणि वाचून दाखव.

तुझी आजी