दोनावर ठेवलेलं बटन

रविवार, १४ डिसेंबर. मोहाडी

काही समजत नाही. नागपूरच्या मामेभावाने त्याचा जुना शंभर वॅटचा ट्यूबवाला अँप्लिफायर मला दिला. आज समाजमंदिरात भीमगीतांच्या सरावाला तो पहिल्यांदा लावला. आतल्या काचेच्या ट्यूबा तापेपर्यंत थांबलो आणि आवाजाचं बटन दोनावर ठेवलं. दहापैकी फक्त दोनावर! तरी गिटारच्या पहिल्याच कॉर्डला खिडकीची काच थरथरली. आवाज जाड, गरम, सदऱ्यातून छातीला लागणारा. हाच हवा होता ना मला? मग हात काहून अडखळले?

आजवर माझी गिटार साउंडवाल्याच्या मिक्सरमधून जायची आणि ढोलकीखाली झाकून जायची. आज चुकलेली प्रत्येक तार मला ऐकू आली. अंतऱ्याला तर मी दर वेळी अर्धी मात्रा उशिरा येतो. दोनावर ही गत, तर पाचावर काय? की ट्यूबच उशिरा बोलते? छे, ती कायले उशिरा बोलेल.

पेटीवाल्या सुखदेवदादांनी भाता थांबवून विचारलं, "बारा वर्षं झाले, तू हेच वाजवून राहिला होता का बे?"

"हो दादा, हेच."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मी गुपचूप बटन एकावर आणलं. त्यांनी उठून ते परत दोनावर नेलं आणि पेटी माझ्या बाजूला सरकवून बसले.

पुढच्या अंतऱ्याला पेटी अर्धी मात्रा थांबली. माझ्यासाठी थांबली का?